प्रशिक्षणाच्या शेडमधली सिमेंटची पोती हलवा: रस्ता बांधणाऱ्यांना खुले पत्र

मा. प्रकल्प व्यवस्थापक साहेब, आपल्या टीममधले इंजिनिअर, सुरक्षा अधिकारी, उपठेकेदार आणि या कामावर देखरेख ठेवणारे सरकारी अभियंते यांस,

सप्रेम नमस्कार. विनंती विशेष.

आमच्या शिवारातून तुमचा रस्ता चालला आहे. काम सुरू होण्याआधी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बैठक झाली, तेव्हा तुमच्या माणसांनी भिंतीवर नकाशा लावून गावाला तीन शब्द दिले होते. कॅम्पशेजारी गावातल्या मुलांसाठी प्रशिक्षणाची शेड उभारू. जमीन गेलेल्या घरातल्या मुलांना कामावर आधी घेऊ. आणि दर महिन्याला गावाशी बसून बोलू. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब हजर होते, पंचमंडळी हजर होती, बायका दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

शेड उभी राहिली. तिच्यावर फलक लागला, फलकासमोर फोटो निघाले. गेल्या महिन्यात त्याच शेडमध्ये सिमेंटची पोती रचली गेली आणि चौकशीला गेलेल्या मुलांना गेटवरच सांगितलं गेलं की ट्रेनिंगचा विषय बंद झाला, वरून ऑर्डर आहे. कुणाची ऑर्डर, कशासाठी, ते सांगायला कुणी पुढं आलं नाही. पंचमंडळींनी अर्ज दिला. अर्जाची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लिहितो आहे.

मी कोण, हे आधी सांगतो. मी आयटीआयमध्ये जेटीओ, म्हणजे शिकवणारा प्रशिक्षण अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांतून एसएसएलसी, म्हणजे दहावी होऊन आलेल्या मुलांना फिटरकाम शिकवण्यात माझी नोकरी गेली. तुमच्या रस्त्यात आमच्या भावकीची जमीन गेली आहे. काळी, भाताची जमीन. पावसाळ्यात भात, आणि भात निघाला की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. भरपाई आली, पण उताऱ्यावर नावं बरीच होती. कुणी जुनं कर्ज फेडलं, कुणी घरावर स्लॅब टाकला, कुणी लेकीचं लग्न केलं. पैसे संपले आणि जमीनही गेली. माझा पुतण्या आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे. तो गोव्यात वेर्ण्याला कंत्राटी कामावर आहे, एका खोलीत चौघे राहतात, शनिवारी रात्री अनमोड घाटातून मोटरसायकलने घरी येतो. जिथं त्याच्या आजोबांचा बांध होता, तिथं आज तुमचा जनरेटर आणि दिव्यांचे खांब उभे आहेत. त्यांची वायरिंग करायला माणूस बाहेरून येतो.

हे पत्र रस्ता अडवण्यासाठी नाही. बायपास आणि रिंगरोडच्या प्रश्नावर आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. सुपीक जमीन वाचावी यासाठीचा तो लढा खरा आहे आणि माझा त्याला मान आहे. पण आमच्या शिवारात भराव पडला आहे, पुलाचे खांब वर आले आहेत. जे गेलं ते परत येणार नाही हे आम्ही जाणतो. तुमची यंत्रं इथं आहेत तोवर आमच्या मुलांच्या हाताला काय लागणार, एवढाच माझा प्रश्न आहे. काम आटोपलं की कॅम्प उठणार, प्लांट पुढच्या जिल्ह्यात जाणार. मग विचारायला कुणी उरणार नाही.

रस्त्याच्या एका कामात शिकण्यासारखं किती असतं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. तुमच्या कॅम्पमधल्या लॅबमध्ये काँक्रीटचे दीडशे मिलिमीटरचे क्यूब भरतात. साच्याला आतून तेल लावायचं, तीन थरांत काँक्रीट भरायचं, प्रत्येक थर सळईने नीट ठासायचा, वर थापीने सपाट करायचं, तारीख आणि जागा लिहायची, दुसऱ्या दिवशी साचा उघडून क्यूब पाण्याच्या टाकीत सोडायचा. काही सातव्या दिवशी, बाकीचे अठ्ठाविसाव्या दिवशी मशीनखाली ठेवायचे आणि फुटताना काटा कुठं थांबला ते वहीत मांडायचं. एसएसएलसी झालेला, अक्षर बरं असलेला मुलगा किंवा मुलगी हे काम काही महिन्यांत हाताखाली शिकू शकते. जमिनीची उंची मोजायच्या ऑटो लेव्हलवर रीडिंग घेणं, मोजणीच्या टोटल स्टेशन यंत्रासाठी प्रिझम धरता धरता स्वतः यंत्र लावणं, ड्रॉइंगवरून सळईची कापणी काढणं, सेंट्रिंगचे सपोर्ट तपासणं, माती-खडी सपाट करणारा ग्रेडर चालवणं, डांबराचा थर पसरणाऱ्या पेव्हरवर थराची जाडी सांभाळणं, जेसीबीच्या हायड्रॉलिकचं सील बदलणं. यातलं एक जरी काम नीट हातात बसलं, तरी त्या मुलाला पुढची तीस वर्षं कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

मी हे पाहिलं आहे. पुणे-बेंगळूर रस्ता सुवर्ण चतुष्कोनात चौपदरी झाला, तेव्हा आमच्या भागातला एक मुलगा ग्रेडरवर मदतनीस म्हणून लागला होता. फिल्टर साफ करणं, ग्रीस मारणं, डिझेल भरणं. ऑपरेटर मोठ्या मनाचा होता, दुपारच्या सुट्टीत त्याला सीटवर बसवायचा. काम संपेपर्यंत तो पातं एका रेषेत चालवायला लागला. आज तो आखातात मोठ्या कंपनीत ऑपरेटर आहे, त्याची धाकटी बहीण त्याच्याच पैशांवर नर्सिंग शिकली. पण त्याच्याबरोबर खडी टाकायला, पाणी मारायला लागलेली इतर मुलं काम संपल्यावर होती तिथंच राहिली. त्याला ऑपरेटर चांगला भेटला म्हणून त्याचं भलं झालं. चांगला माणूस भेटण्यावर एवढं मोठं काम सोडून देऊ नका, ती कंपनीची ठरलेली पद्धत करा, एवढंच माझं मागणं आहे.

आता तक्रारी. एकेक सांगतो.

आमच्या मुलांना तुमच्याकडे काय मिळतं? वळणावर लाल-हिरवा झेंडा धरणं, यंत्रांची रात्रीची राखण, टँकरमागं पाईप धरून पाणी मारणं. नेमणुकीचा कागद नाही. हजेरी उपठेकेदाराच्या मुकादमाच्या वहीत, पगार रोख, पीएफ कापतात की नाही ते कुणाला ठाऊक नाही. आयटीआय झालेली मुलंही याच कामाला. विचारलं की तुमचे सुपरवायझर सांगतात, इथली पोरं टिकत नाहीत, गावच्या यात्रेला दांडी मारतात. साहेब, उद्यमबागला एकदा जाऊन या. बेळगावच्या फौंड्र्या आणि मशीन शॉप ज्यांच्या जिवावर चालतात ती याच गावांतली माणसं आहेत. भट्टीसमोर उभं राहून वितळलेलं लोखंड साच्यात ओतणारी माणसं उन्हात डांबरावर टिकणार नाहीत, हे मला पटत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, चाकण, वेर्णा, सगळीकडं ही मुलं टिकली आहेत. जिथं पुढं जायला वाट असते तिथं माणूस टिकतो. झेंडा धरण्यात पुढं वाट नाही.

मुलींबद्दल तर बोलायलाच नको असं तुमच्या टीमने ठरवलं आहे का? गावातली एक मुलगी सिव्हिल डिप्लोमा करून आली. साइटवर प्रशिक्षण मिळावं म्हणून अर्ज घेऊन गेली, तर साइटवर मुलींची सोय नाही म्हणून परत पाठवली. सोय म्हणजे काय हवं होतं? एक स्वच्छ, कडी लागणारं शौचालय. तुमच्याच कामावर खडी वाहणाऱ्या बायका आहेत, त्यांचीही सोय नाही असा याचा अर्थ होतो. ज्या शहरात १९९८ पासून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आहे, त्या शहराच्या वेशीवर इंजिनिअर मुलीला हे उत्तर मिळावं, याचं फार वाईट वाटतं.

अप्रेंटिसचा, म्हणजे शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. मी नोकरीत तोच कायदा घेऊन कारखान्यांचे उंबरे झिजवले आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यायलाच हवेत, आणि त्या मनुष्यबळात ठेकेदारामार्फत आलेली माणसंही धरायची असतात. ४०० माणसं कामावर असतील तर कमीत कमी १०, मनावर घेतलं तर ६०. आयटीआय झालेल्याला त्या नियमांनी महिन्याला किमान ७,००० रुपये स्टायपेंड ठरवला, डिप्लोमावाल्याला ८,०००. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनेत त्यातला २५ टक्के भाग, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. म्हणजे तुमच्यावर फार मोठा बोजा पडतो असंही नाही. जागा रिकाम्या ठेवल्या तर २०१४ च्या दुरुस्तीने दंड ठरवला, पण दर जागेमागं महिन्याला ५०० रुपये आणि तीन महिन्यांनंतर १,००० रुपये, एवढाच. तुमच्यासारख्या कंपनीला तो भरणं सोपं आहे. म्हणूनच दंडाची भाषा मी करत नाही. अप्रेंटिसच्या सरकारी पोर्टलवर करार नोंदवलेले किती अप्रेंटिस आज या कामावर आहेत आणि त्यात या चार-पाच गावांतले किती, एवढं सांगा. आम्ही विचारलं तेव्हा लॅपटॉप उघडायलाही कुणी तयार नव्हतं.

जमीन गेलेल्या कुटुंबांचा हक्क हा त्याहून मोठा विषय आहे. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत लिहिलं आहे की प्रकल्पामुळं नोकऱ्या निर्माण होत असतील तर बाधित कुटुंबातल्या किमान एकाला योग्य प्रशिक्षण देऊन नोकरी, किंवा कुटुंबाला एकरकमी ५ लाख रुपये, किंवा २० वर्षं दरमहा किमान २,००० रुपये, यातला पर्याय कुटुंबाने निवडायचा. राष्ट्रीय महामार्गांचं संपादन वेगळ्या कायद्याखाली होतं म्हणून हे लागू नाही, असं पूर्वी सांगितलं जायचं. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१५ मध्ये आदेश काढून या अनुसूची १ सप्टेंबर २०१५ पासून त्या कायद्यांनाही लावल्या. आमच्या गावात किती कुटुंबांसमोर हा पर्याय ठेवला गेला? माझ्या भावकीत एकालाही कुणी विचारलं नाही. चेक हातात आला, अंगठा आणि सह्या घेतल्या, विषय संपला. यात कंपनीपेक्षा सरकारी अधिकाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे हे मला कळतं, म्हणून हे पत्र मी त्यांनाही उद्देशून लिहिलं आहे. पण 'आधी प्रशिक्षण, मग काम' यातलं प्रशिक्षण तुमच्याच शेडमध्ये होऊ शकतं, आणि त्या शेडमध्ये आज पोती आहेत.

बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळाचंही तसंच. १९९६ च्या कायद्यांनी बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर गोळा होऊ लागला. नव्या श्रमसंहितेतही ती तरतूद आहे. १८ ते ६० वर्षांच्या, वर्षभरात ९० दिवस काम केलेल्या कामगाराची मंडळात नोंदणी होते आणि मग मुलांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला, आजारपणाला, अपघाताला मदत मिळण्याचा रस्ता उघडतो. त्यासाठी ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. तुमच्या कामावर वर्षभर राबलेल्या आमच्या माणसांनी तो मागितला की उपठेकेदार मुख्य कंपनीकडं बोट दाखवतो आणि कंपनी उपठेकेदाराकडं. एका कागदावर सही करायला किती वेळ लागतो?

आता सुरक्षिततेबद्दल. हे लिहिताना मला राग आवरावा लागतो आहे. हायस्कूलची मुलं ज्या वाटेने जातात ती वाट तुम्ही रस्त्याखालून पाणी काढायच्या मोरीसाठी खोदली आणि बाजूने कच्चा वळसा काढला. खड्ड्याभोवती चुना फासलेले दगड मांडले होते आणि काठीला सिमेंटचं रिकामं पोतं बांधलं होतं. रात्री चमकणारी पट्टी नाही, दिवा नाही, बॅरिकेड नाही. ट्यूशनहून परत येणारा पीयूसीचा (अकरावी-बारावीचा) मुलगा मोटरसायकलसह त्या खड्ड्यात गेला. मांडीच्या हाडात रॉड बसवावा लागला, वार्षिक परीक्षा बुडाली. दवाखान्याचा सगळा खर्च आई-बापांनी केला आणि तुमच्या माणसांनी त्यांना सांगितलं की पोरगा वेगात होता. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. काम चालू असलेल्या रस्त्यावर वाहतूक कशी सांभाळायची, किती आधी फलक लावायचे, बॅरिकेड कसे असावेत, रात्री काय दिसलं पाहिजे, यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ५५ ही मार्गदर्शिका आहे. ती तुमच्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या टेबलावर असणारच. आता बॅरिकेड लागले आहेत. ते आधी लागायला हवे होते.

फलकांची भाषा हाही याच सुरक्षिततेचा भाग आहे. आमच्या गावांतली म्हातारी माणसं, बायका, लहान मुलं मराठी वाचतात. तुमचे 'काम चालू आहे', 'पुढं खोल खड्डा', 'वाहतूक वळवली आहे' हे फलक कन्नड आणि इंग्रजीत आहेत. कन्नड हवंच, ती राज्याची भाषा आहे, त्यावर वाद नाही. त्याखाली मराठीत दोन ओळी लिहायला कुणाचीही हरकत असू नये. भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ मध्ये ठरलेल्या संरक्षणांमध्ये, जिथं अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही काढाव्यात असं आहे. सीमाभागात या विषयाला लगेच राजकारण चिकटतं, मला ते चिकटवायचं नाही. खड्ड्याचा फलक वाचता यावा एवढंच म्हणतो. आणि सकाळी कामगारांना सुरक्षेच्या सूचना देता तेव्हा हिंदीबरोबर कन्नड आणि मराठीतही द्या. आमच्यातली आणि शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या गावांतली मुलं हे भाषांतर आनंदाने करतील.

पाण्याबद्दल थोडक्यात. भराव घालताना नकाशात मोठ्या नाल्यांना मोऱ्या दाखवल्या, पण शेतातून शेतात उतरणारं पाणी कुणी पाहिलं नाही. गेल्या पावसात भरावाच्या वरच्या अंगाला लावणीचं भात पाण्याखाली राहून कुजलं आणि खालच्या अंगाला चिखलणीला पाणी पुरलं नाही. कुठं पाईप टाकायचे हे शेतकरी बोटाने दाखवतील. त्यासाठी सर्व्हे पुन्हा करायची गरज नाही, पावसाळ्याआधी एकदा बांधावर येऊन उभं राहायची गरज आहे.

आता तुम्ही गावासाठी जे केलं त्याबद्दल. शाळेच्या मुलांना दप्तरं दिली, त्यावर कंपनीचं नाव होतं. शाळेची पुढची भिंत रंगवली. गणेशोत्सव मंडळाची पावती फाडली, यात्रेला कमान दिली. देणाऱ्याचा हात मोडू नये असं आमच्याकडे म्हणतात, म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. दप्तरं मुलांच्या उपयोगी पडली. पण कंपनी कायद्यातल्या कलम १३५ खाली नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची असते, आणि ती खर्चताना कंपनी जिथं काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावं असं तिथंच म्हटलं आहे. ती रक्कम प्रशिक्षणाला वापरली तर दप्तरं फाटल्यानंतरही गावात काहीतरी शिल्लक राहील. आणि गावातल्या आमच्याच पुढाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायची आहे. ज्यांचे टिप्पर आणि जेसीबी या कामावर भाड्याने लागले आहेत त्यांनी व्यवसाय जरूर करावा. पण म्हणून बैठकीत गप्प बसू नये. जमीन गेलेल्या घरांकडं टिप्पर नाहीत.

हे सगळं अशक्य आहे असं कुणी म्हणू नये, म्हणून दोन उदाहरणं देतो. कोकण रेल्वेत जमीन गेलेल्या कुटुंबांना भरतीत प्राधान्य देण्याचं धोरण आहे, आणि त्या मार्गावर आज प्रकल्पग्रस्तांची मुलं नोकरी करतात. आमच्या लोंढा-खानापूर भागातल्या लोकांना हे चांगलं ठाऊक आहे. दुसरं उदाहरण लांबचं आहे. लंडनच्या जमिनीखालून क्रॉसरेलची नवी रेल्वे काढली तेव्हा बोगद्याच्या कामासाठी २०११ मध्ये पूर्व लंडनमधल्या इलफर्ड इथं खास शाळा काढली, ठेकेदारांच्या करारातच अप्रेंटिस घेण्याची अट घातली आणि काम संपेपर्यंत १,००० हून जास्त अप्रेंटिस त्यातून तयार झाले. तिथं २०१२ मध्ये कायदाच झाला की सरकारी सेवांचे करार करताना त्या भागाचं सामाजिक भलं कसं होईल याचा विचार आधी करायचा. तिथल्या बांधकाम कंपन्यांचे साइट मॅनेजर शाळांत जाऊन मुलांना काम समजावून सांगतात, शेजाऱ्यांना आवाज आणि धूळ कधी होणार ते आधी कळवतात, आणि यासाठी त्यांची तपासणी होते. आमचा देश वेगळा, पैसा वेगळा, हे मान्य. पण साइटवरच्या एका तासात एका मुलाला लेव्हल लावायला शिकवणं इथंही तेवढंच सोपं आहे.

तुमच्या कॅम्पमध्ये झारखंड, बिहार, ओडिशाहून आलेले मजूर पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्याशी आमचं भांडण नाही. ते आमच्या मुलांचं काम खातात असं कुणी म्हटलं तर मी त्याला विरोध करतो, कारण जिथून आले तिथं त्यांच्याही मुलांना कुणी शिकवलं नाही म्हणून ते इतक्या लांब आले. त्यांची लहान मुलं दिवसभर खडीच्या ढिगाऱ्यांवर खेळतात आणि मागं येणाऱ्या टिप्परच्या ड्रायव्हरला ती दिसत नाहीत. त्या मुलांसाठी पाळणाघर करा, मोठ्यांना आमच्या शाळेत पाठवा. आमच्या शाळेतल्या बाई त्यांना शिकवायला तयार आहेत, त्यांनी स्वतः मला तसं सांगितलं आहे.

आमच्या मागण्या साध्या भाषेत अशा.

शेडमधली पोती आठवड्याभरात हलवा आणि शेड प्रशिक्षणासाठी पुन्हा खुली करा. वेल्डिंग, सळईकाम, सर्व्हे, लॅब टेस्टिंग, यंत्रदुरुस्ती, यांतली निदान तीन कामं तिथं शिकवा. शिकवायला माणूस नसेल तर बेळगावात माझ्यासारखे निवृत्त जेटीओ आहेत, आम्ही मोबदला न घेता येऊ.

कायद्याप्रमाणं अप्रेंटिस घ्या, त्यांचे करार पोर्टलवर नोंदवा, आणि जमीन गेलेल्या कुटुंबातल्या मुला-मुलींना त्यात आधी घ्या. १८ वर्षांखालच्या कुणालाही साइटवर घेऊ नका, गावातल्या कुणाची शिफारस आली तरी.

जी मुलं आधीच तुमच्याकडे काम करत आहेत, त्यांची पूर्वानुभवावर परीक्षा घेऊन सरकारमान्य प्रमाणपत्र मिळवून द्या. ते कागद हातात असले की पुढच्या साइटवर त्यांना झेंड्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

९० दिवस पूर्ण केलेल्या प्रत्येक कामगाराला दाखला द्या. पगार बँकेत जमा करा. बायकांसाठी शौचालयं उभारा.

फलक कन्नड, मराठी आणि इंग्रजीत लावा. शाळेच्या वाटेवर शाळा भरताना आणि सुटताना टिप्पर थांबवा. भात फुलोऱ्यात असताना दिवसातून निदान तीनदा पाणी मारा, कारण धूळ बसलेल्या लोंबीत दाणा नीट भरत नाही. जखमी झालेल्या त्या मुलाच्या घरी जा आणि उपचाराचा खर्च द्या.

देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अभियंत्यांना विनंती, की ठेकेदाराचं बिल पास करताना खडीची जाडी मोजता तसे अप्रेंटिसचे करार आणि ९० दिवसांचे दाखलेही पाहा. आणि दुसऱ्या अनुसूचीतला पर्याय ज्या कुटुंबांसमोर ठेवलाच गेला नाही, त्यांची यादी ग्रामपंचायतीत लावा.

येत्या ग्रामसभेला तुमच्या टीममधला निर्णय घेऊ शकणारा माणूस पाठवा आणि उत्तर लेखी आणा. सभेची तारीख पीडीओ साहेबांनी तुमच्या कॅम्पला कळवली आहे. त्या दिवशी चहा-पाण्याची व्यवस्था आम्ही करू, खुर्च्या पुढच्या रांगेत ठेवू, आणि जी मुलं गेटवरून परत गेली ती सगळी आपापली प्रमाणपत्रं घेऊन हजर राहतील.

कळावे,

आपला,
एक निवृत्त आयटीआय शिक्षक
बेळगाव तालुका